एच-४ की एफ-१? घर तारण ठेवण्याआधी करायचा हिशेब

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे. हिंजवडीत डेटा अॅनालिस्ट आहे, वर्षाला १४ लाख पगार. मे २०२६ मध्ये या कंपनीत पाच वर्षं पूर्ण होतील. माझे पती डॅलसला एच-१बीवर (तिथल्या नोकरीच्या व्हिसावर) आहेत. त्यांचं दुसरं वर्ष चालू आहे, पगार १ लाख १८ हजार डॉलर, महिना दीड हजार डॉलर वाचतात. कंपनी म्हणते, दोन वर्षं झाली की ऑक्टोबरमध्ये ग्रीन कार्डचं काम सुरू करू. मला तिथल्या एका विद्यापीठात ऑगस्टपासून एमएसला प्रवेश मिळाला आहे. दोन वर्षांची फी ५० हजार डॉलर. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर गेले तर पुढे नोकरी करता येईल, एच-४ वर गेले तर घरी बसावं लागेल, असं सगळे सांगतात. माझे म्युच्युअल फंड ११ लाखांचे आहेत (गुंतवलेले ७ लाख), एफडी ४ लाख, शिवाय पीएफ. बाकीच्या ३५ लाखांच्या कर्जासाठी बाबा कोथरूडचा राहता फ्लॅट तारण ठेवायला तयार आहेत. घेऊ का हे कर्ज? आणि एच-४ वर गेले तर पुण्याच्या कंपनीचं काम तिथून लॅपटॉपवर करू का?

उत्तर : नमस्कार. एका ओळीत सांगायचं तर हे कर्ज यंदा घेऊ नका. शिकायला मात्र जरूर जा. तुम्हाला मिळालेली माहिती अर्धीच खरी आहे आणि राहिलेल्या अर्ध्या माहितीत तुमचे वीस-बावीस लाख रुपये आहेत.

आधी नियम पाहू. एच-४ म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा. त्यावर एरवी नोकरी करता येत नाही, हे बरोबर (अपवाद पुढे येतो). पण शिकता येतं, तेही पूर्णवेळ, पदवीसाठी, वेगळा विद्यार्थी व्हिसा न काढता. हे अनेकांना माहीत नसतं, कारण विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणारा एफ-२ आणि हा व्हिसा यांत लोकांची गल्लत होते. एफ-२ वर पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रम करता येत नाही. (तुमचे पती कंपनीच्या बदलीने एल-१ वर गेले असते तर हा प्रश्नच आला नसता. एल-१ धारकाच्या पती-पत्नीला कामाचा हक्क व्हिसासोबतच मिळतो.)

एच-४ वर शिकताना काय मिळत नाही तेही पाहा. कॅम्पसवरची आठवड्याला २० तासांची नोकरी नाही, पगारी असिस्टंटशिप नाही, सीपीटीवरची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवरची) इंटर्नशिप नाही आणि पदवीनंतरची ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करायची परवानगी) हीही नाही. हे सगळं एफ-१चं आहे. ओपीटीत १२ महिने काम करता येतं. तुमचा विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) बसत असेल आणि कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासायच्या सरकारी व्यवस्थेत) असेल तर आणखी २४ महिने मिळतात. म्हणजे एफ-१चं खरं मोल या तीन वर्षांत आहे. या तीन वर्षांसाठी आज ४५ लाख मोजावेत का, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे.

फीचा भाग तुमच्या पत्रात नाही, आणि माझ्या मते कळीचा मुद्दा तोच आहे. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत राज्याच्या रहिवाशांना फी बरीच कमी असते. एफ-१ विद्यार्थी कितीही वर्षं राहिला तरी सहसा रहिवासी धरला जात नाही. टेक्सासमध्ये, म्हणजे डॅलसच्या राज्यात, एच-४ धारकाला मात्र रहिवासी ठरता येतं. त्यासाठी साधारणपणे प्रवेशाआधी १२ महिने राज्यात वास्तव्य आणि तिथेच घर केल्याचे पुरावे लागतात. तुम्ही सोबत जोडलेल्या फीपत्रकात रहिवाशांचा आकडा दोन वर्षांना २६ हजार डॉलरच्या आसपास आहे. डॉलर ९० रुपये धरला तर एकीकडे ४५ लाख आणि दुसरीकडे सुमारे साडेतेवीस लाख. फरक साडेएकवीस लाखांचा.

आता कर्ज. ३५ लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं धरली तर हप्ता सुमारे ४७,२०० रुपये येतो. शिकत असतानाचं व्याज वेगळं. डॅलसमध्ये तुम्हाला नोकरी लागली तर हा हप्ता जाणवणारही नाही. पण कर्जाची परीक्षा वाईट वर्षात होते. नोकरी लागली नाही आणि पुण्याला परत येऊन आजच्याच पगारावर रुजू व्हावं लागलं, तर हातात येणाऱ्या पगाराचा निम्म्याच्या आसपास भाग या हप्त्यात जाईल. आणि तो चुकला तर बँक ज्या घराकडे बघेल, त्यात तुमचे आई-बाबा राहतात. ते दुसरा फ्लॅट देत असते तर मी एवढा अडून बसलो नसतो.

वाईट वर्ष येईलच असं नाही. पण तुमच्या मार्गावर तीन फाटकं एकामागे एक आहेत. पहिलं, एफ-१ची मुलाखत. शिकून परत येणार आहात, हे तिथे अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं. नवरा एच-१बीवर तिथेच असताना ते पटवणं कठीण जातं. एच-४ला ही अट नाही. दुसरं, ओपीटीत नोकरी शोधणं. तिथे बेरोजगार राहण्याची मर्यादा ९० दिवसांची, स्टेमच्या मुदतवाढीसह एकूण १५०. तिसरं, ओपीटी संपल्यावर काम चालू ठेवायला लागणाऱ्या एच-१बीची सोडत. वर्षाला ६५ हजार जागा, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार. २०२६च्या सोडतीपासून जास्त वेतनश्रेणीच्या अर्जांना जास्त वजन मिळतं, म्हणजे नुकतंच शिकून बाहेर पडलेल्यांची संधी घटते. ओपीटीवर बंधनं आणण्याची चर्चाही वॉशिंग्टनमध्ये सुरू आहे. यांतल्या एकाही फाटकाची किल्ली तुमच्या हातात नाही.

आणखी एक दार तुमच्या पत्रात फक्त ओझरतं येतं : एच-४ ईएडी, म्हणजे एच-४ वरचा कामाचा परवाना. २०१५ पासून, एच-१बीधारकाचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झाला (किंवा सहा वर्षांपुढे त्याला या प्रक्रियेमुळे मुदतवाढ मिळाली) की जोडीदाराला कामाचा परवाना मागता येतो. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबावं लागत नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग दशकाहून लांब आहे. या परवान्यावर कोणाकडेही नोकरी करा, स्वतःचा व्यवसाय करा. त्याला न्यायालयात दिलेलं आव्हानही २०२५च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीला घेतलं नाही, त्यामुळे सध्या तो पक्का आहे. त्यात दोन उणिवा आहेत. नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना आपोआप मिळणारी मुदतवाढ ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना बंद झाली, त्यामुळे मध्ये काही आठवडे किंवा महिने काम थांबू शकतं. दुसरी उणीव मोठी. तुमचा परवाना नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असतो. त्यांची नोकरी गेली तर त्यांना जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि तेवढेच तुम्हाला.

एफ-१च्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा मला हाच वाटतो. घरात दोन स्वतंत्र व्हिसे असले तर एकाची नोकरी गेली म्हणून दोघांना बॅगा भराव्या लागत नाहीत. तुमचं एफ-१ तुमच्या नावावर उभं असतं. म्हणून एफ-१ मी तुमच्या यादीतून काढत नाही, थोडं पुढे ढकलतो आहे.

माझी योजना अशी. मेमध्ये पाच वर्षं पूर्ण करा, मग राजीनामा द्या. मूळ वेतन महिना ५० हजार असेल तर ग्रॅच्युइटी सुमारे १ लाख ४४ हजार होते, आणि पाच वर्षांनंतर पीएफ काढायची वेळ आलीच तर त्यावर करही लागत नाही. जूनमध्ये एच-४ वर जा. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का ते विद्यापीठाला आजच विचारा. नाही म्हणाले तर पुन्हा अर्ज करा. ऑगस्ट २०२७ ला रहिवाशाच्या फीवर पूर्णवेळ शिक्षण सुरू करा. पदवीच्या वर्ष-सव्वा वर्ष आधी, म्हणजे २०२८च्या सुरुवातीला, अमेरिकेतूनच आय-५३९ हा फॉर्म भरून एच-४ चं एफ-१ करायचा अर्ज टाका. ओपीटीसाठी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिक्षण लागतं, आणि एच-४ वर शिकलेलं वर्षही त्यात धरलं जातं. मात्र पदवी पूर्ण होण्याआधी एफ-१ मंजूर झालेलं असायला हवं. अर्ज प्रलंबित असताना तुम्ही एच-४ वर शिकत राहू शकता, वर्ग बुडत नाही. पण त्या काळात अमेरिकेबाहेर जाऊ नका. भाऊबीज, लग्नकार्य, काहीही असलं तरी नाही.

या योजनेची किंमत आहे, ती लपवत नाही. तुमची कमाई एक वर्ष उशिरा सुरू होईल. ओपीटीची नोकरी हमखास असती तर ते वर्ष साडेएकवीस लाखांपेक्षा महाग पडलं असतं आणि मी यंदाच जा म्हणालो असतो. पण ती हमखास नाही, आणि ते वर्ष रिकामंही जात नाही. कारण त्याच काळात दुसरं घड्याळ चालू करता येतं.

ते घड्याळ तुमच्या पतीच्या कंपनीत आहे. ग्रीन कार्डासाठी प्रचलित वेतनाची निश्चिती, मग जाहिराती, मग पर्म (कामगार खात्याची मंजुरी), मग आय-१४० हा सगळा प्रवास सध्या दोन वर्षांच्या पुढेच जातो. ऑक्टोबरऐवजी आता सुरुवात झाली तर तुमचं शिक्षण संपण्याआधी आय-१४० मंजूर झालेला असू शकतो. मग २०२९च्या मेमध्ये पदवी हातात घेताना तुमच्यापुढे ओपीटी आणि ईएडी अशी दोन्ही दारं उघडी असतील. त्यांनी या आठवड्यातच मॅनेजरशी बोलावं. पर्मचा खर्च कायद्याने कंपनीलाच करावा लागतो, त्यामुळे यात तुमचा एक डॉलरही जात नाही. आय-१४० मार्गी लागलेला असताना एफ-१ मागितलं तर परत जाण्याच्या इराद्यावर प्रश्न येऊ शकतो, म्हणून दोन्ही अर्जांचा क्रम तिथल्या इमिग्रेशन वकिलाकडून ठरवून घ्या. माझं क्षेत्र पैशाचं आहे. त्या सल्ल्याला काहीशे डॉलर लागतील, ते जरूर खर्च करा.

पैसे कुठून आणायचे? म्युच्युअल फंड निघण्याआधी विका. फीची गरज आहेच, पण नसती तरी मी विकायलाच सांगितलं असतं. अमेरिकेत कर-रहिवासी झालात की भारतीय म्युच्युअल फंड तिथे ‘पीएफआयसी’ (परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी) ठरतात. त्यांची करआकारणी जाचक आहे आणि दरवर्षीचे फॉर्म क्लिष्ट. एच-४ वर गेलात त्या दिवसापासून कर-रहिवासासाठी तुमचे दिवस मोजले जातात. एफ-१ विद्यार्थ्याचे पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजले जात नाहीत, पण पतीसोबत एकत्र विवरणपत्र भरलं की तो फायदाही संपतो. तेव्हा काही फंड ३१ मार्चपूर्वी आणि उरलेले एप्रिलमध्ये विका, दोन्ही वेळी नफा साधारण सारखा येईल असं बघून. इक्विटी फंड असतील आणि वर्षाहून जुने असतील तर प्रत्येक आर्थिक वर्षात सव्वा लाखाचा नफा करमुक्त आहे. ४ लाखांच्या नफ्यावर एकाच वर्षात विकल्यास सेससह ३५,७५० रुपये कर बसतो, दोन वर्षांत विभागल्यास १९,५००.

कर भरून हे १० लाख ८० हजार आणि ग्रॅच्युइटी मिळून सव्वाबारा लाख होतात, म्हणजे साडेतेरा हजार डॉलर. पहिल्या वर्षाची फी निघाली. पती सध्या महिना दीड हजार डॉलर वाचवतात असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही गेल्यावर ते नऊशेवर आले असं धरलं तरी ऑगस्ट २०२८ पर्यंत २३ हजार डॉलर जमतात, त्यातून दुसरं वर्ष निघतं आणि वर काही उरतं. एफडीला हात लावू नका. ती परतीची तिकिटं आणि पहिले तीन महिने यांसाठी आहे. भारतातून पैसे पाठवताना एक लक्षात ठेवा : स्वतःच्या पैशातून एका आर्थिक वर्षात १० लाखांवर पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (आगाऊ कर) कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकून राहतो. म्हणून रक्कम दोन वर्षांत पाठवा. निघाल्यावर बँकेत बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या, आणि अमेरिकेच्या दृष्टीने परदेशी, म्हणजे तुमच्या भारतातल्या, खात्यांत मिळून १० हजार डॉलरवर शिल्लक गेली तर तिथे एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरायचं विसरू नका.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय, की एच-४ वर असताना पुण्याच्या कंपनीचं काम तिथून लॅपटॉपवर करू का. करू नका. पगार रुपयात येतो म्हणून काम पुण्यात झालं, असं धरता येत नाही. काम करणारी व्यक्ती अमेरिकेत बसलेली असते. महिन्याच्या लाखभर रुपयांसाठी पुढचा एफ-१, ईएडी आणि ग्रीन कार्डाचा अर्ज, तिन्हींवर डाग लागू शकतो. ते पहिलं वर्ष विद्यापीठात अर्धवेळ एखाद-दुसरा विषय घेण्यात, ओळखी करण्यात आणि पोर्टफोलिओ बांधण्यात घालवा. पहिल्या वर्षी विषय घेतलात तर त्याची फी बाहेरच्या दराने लागेल, ते मात्र आधी बघा.

मी माझं मत कधी बदलेन, तेही सांगतो. विद्यापीठाने यंदाच असिस्टंटशिप देऊन फी निम्म्यावर आणली, आणि उरलेली रक्कम तारणाशिवाय, पतीच्या पगारातून भागत असेल, तर एफ-१ घेऊन ऑगस्टमध्येच जा. तेव्हा त्या एका वर्षाचं पारडं जड होईल.

या आठवड्यात विद्यापीठाच्या रहिवास ठरवणाऱ्या कार्यालयाला ईमेल करून तीन गोष्टी लेखी घ्या : एच-४ धारक म्हणून मी रहिवासी कधी ठरेन, त्यासाठी कोणती कागदपत्रं लागतील, आणि मध्येच एफ-१ झाले तर उरलेल्या सेमिस्टरना कोणती फी लागेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बाहेरची’ असं आलं, तर एफ-१चा अर्ज असा टाकावा लागेल की बाहेरच्या दराची फक्त शेवटची सेमिस्टर उरेल. त्याने खर्च पाच-सहा लाखांनी वाढेल, तरीही मी हाच मार्ग सुचवेन. उत्तर आलं की मला कळवा, रकमा पुन्हा मांडू.