कांड्या भरतो ना, मग पगार मागा

पत्र: "मुलगा २६ वर्षांचा आहे. बौद्धिक अपंगत्वाचं ६० टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यांत तीन ठिकाणी विचारलं, कोणी घेईना. वीसच्या पुढे मोजता येत नाही, कन्नड येत नाही. सरकारी नोकरीत अशा मुलांना जागा असतात म्हणे, कुणाला भेटू? आमच्या मागं त्याचं कसं होणार? सकाळी तेवढा शेजारच्या मागावर जाऊन कांड्या भरतो, म्हणजे छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळतो, चार वर्षं झाली, वेळ जातो त्याचा. मालक कन्नडवाले पण माणूस चांगला, चहा-बन देतात, दिवाळीला शर्ट घेतात. बाकी दिवसभर घरीच." - एक आई, वडगाव, बेळगाव

ताई, तुमचं सगळं पत्र वाचलं आणि त्या कांड्यांपाशीच अडकून बसले. चार वर्षं पोरगा रोज सकाळी कामाला जातो आणि तुम्ही मला विचारताय त्याला काम कुठं मिळेल? वेळ जातो म्हणे! वडगावात राहता, मागाचा खडखडाट ऐकतच तुमचा दिवस उजाडत असणार, मग तुम्हाला मी काय सांगायचं की आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली आणि भरलेली दुसरी हाताशी नसली की माग उभा राहतो. तुमच्या लेकाच्या हातच्या कांड्यांवर चार वर्षं साड्या निघाल्यात, विकल्या गेल्यात, त्याचे पैसे आलेत. त्यातलं त्याच्या हातात काय पडलं, तर बन.

मालक चांगला असेल, मला त्याच्याशी भांडायचं नाही, पण शर्ट म्हणजे पगार नव्हे. आणि खरं सांगू, राग मला मालकाचा कमी आणि तुमचाच जास्त आला, कारण त्यानं फुकट घेतलं ते तुम्ही फुकट दिलं म्हणून.

कन्नड येत नाही लिहिलंत, मग मालक सांगतात ते चार वर्षं त्याला कुठल्या भाषेत कळतंय?

सरकारी जागांचं म्हणाल तर २०१६ च्या कायद्यानं ४ टक्के राखीव आहेत, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार, बहुविकलांग अशा सगळ्यांत मिळून. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं अपंगांसाठीचं ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा, जाहिरात आली तर अर्ज भरा, पण त्या आशेवर त्याला घरी बसवू नका.

आता एकच करायचं. मागावर बाकीच्यांची पगारवाटणी ज्या दिवशी असते त्या दिवशी त्याला घेऊन जा आणि मालकांना सांगा की पुढच्या आठवड्यापासून बाकीच्या कांडीवाल्यांना जो दर तोच ह्यालाही. "बघा काहीतरी, तुमच्या मनाला येईल ते द्या" असलं बोलायचं नाही, दर विचारायचा. मोजायचं कसं म्हणतील, तर वीसपर्यंत येतं ना त्याला? वीस कांड्या झाल्या की भिंतीवर खडूची एक रेघ, निघताना रेघा मोजा, झाला हिशोब. नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवसापासून पाठवू नका. वडगाव-शहापूर-खासबागेत माग काय एकच आहे का, आणि आता तुम्ही दुसऱ्याच्या दारात जाल ते "काहीतरी काम द्या हो" म्हणत नाही, चार वर्षं कांडी भरणारा माणूस घेऊन जाल.

पैसे मात्र त्याच्या हातात द्यायला लावा, तुमच्या पदरात नको. बँकेत त्याच्या नावानं खातं काढा. बँकवाल्यांनी पालकत्वाचा कागद मागितला तर डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, त्यांच्या ऑफिसात जा, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची समिती असते, डीसीच तिचे अध्यक्ष, तिथं अर्ज होतो. तुमच्या मागं त्याचं कसं, ह्याची सुरुवात ह्या कागदापासून आणि त्या खात्यापासून होते.

आणि पहिल्या पगारातनं काय घ्यायचं ते त्याला विचारा. चारचौघांत विचारा, आणि तो बोलेपर्यंत तुम्ही गप्प बसा. वेळ लागला तर लागू दे.