जानेवारीत हिमाचलच्या स्पितीतल्या काझाला निघताय? आधी चाकांना बर्फासाठीच्या साखळ्या बांधायला शिका
हिवाळ्यात मनालीकडून येणारा कुंझुम घाट बंद असतो, किन्नौरमार्गेच जा. ताज्या बर्फापेक्षा घाबरा काळ्या बर्फाला. नाल्याचं पाणी रस्त्यावर येऊन सावलीत गोठतं आणि दिसतं नुसतं ओलं डांबर. अशा उतारावर फोर-लो (फोर-बाय-फोर गाडीची कमी वेगाची, जास्त ताकदीची गिअर-रेंज), पहिला गिअर, ब्रेकवर पाय नको. चाकं लॉक झाली की स्टीअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरते.

साखळ्या चारही चाकांना, त्याही चढ लागण्याआधी सपाटीवर. १०० मीटर चालवून पुन्हा आवळा. सुटलेलं टोक ब्रेकचा पाइप तोडू शकतं. घरी हातमोजे घालून दोनदा सराव कराच, गारठलेल्या बोटांना हुक सापडत नाही.

कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं. रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा.