सोळा कोअर घेण्याआधी काम बघ

म्हापशाचा दुकानदार सोळा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) पीसी गळ्यात मारतोय म्हणतोस, तर पैसे देण्याआधी घरच्या विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल; त्याच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर' निवड. एका कोअरचे एक किंवा दोन लॉजिकल प्रोसेसर असतात, त्या प्रत्येकाचा वेगळा चौकोन दिसेल. आता रोजचं काम कर: क्रोमचे टॅब, मराठी टायपिंग, दुकानाची बिलं. बहुतेक चौकोनांतली रेघ तळाशीच पडून राहील.

काम तुकड्यांत वाटता आलं तरच जास्त कोअर उपयोगी पडतात. संगणक अभियंता जीन अ‍ॅमडालने हे १९६७ मध्येच मांडलं होतं: निम्मं काम एकामागून एकच होणारं असेल, तर कितीही कोअर लाव, वेग दुपटीपुढे जात नाही.

२००५ साली घरगुती पीसीत दोन कोअर आले तेव्हा फरक खरंच जाणवला. अँटिव्हायरस स्कॅन चालू असतानाही बाकीचं काम अडेना. दोनाचे चार झाले तरी फायदा कळतो, त्यापुढे मात्र ज्याचं त्याचं काम. शिगम्याच्या रोमटांचे, म्हणजे मिरवणुकांचे, व्हिडिओ एडिट करणार असशील तर आठ कोअर बिनधास्त घे. नाहीतर सहा पुरे, आणि वाचलेले पैसे १६ जीबी रॅम व एसएसडीवर (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान साठवण) घाल. जुन्या हार्ड डिस्कपुढे कोअर नुसते ताटकळतात.

लॅपटॉप घेणार असशील तर फार पातळ नको. आपल्याकडे मे महिन्यात तो तापला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो.