एआय भाषांतर करत असताना भाषांतराचं काम शिकण्यात अर्थ आहे का?

'मसुदा एआय करतंच, मग माणसाने तो नुसता नजरेखालून घालायचा, एवढंच उरलंय का?' असं तुम्ही विचारलंय. त्या 'नुसता'साठी लिहायला बसले.

औषधाच्या माहितीपत्रकातलं एक वाक्य घ्या. मूळ इंग्रजीचा अर्थ: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. मसुद्यात येतं: 'डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळ्या घेऊ नका.' व्याकरण चोख, मराठी सुबक, अर्थ उलटा. जुनी मशीन अशा ठिकाणी अडखळायची, शब्दांचा क्रम विस्कटायचा आणि चूक डोळ्यांत खुपायची. 2017 साली ट्रान्सफॉर्मर ही एआयची नवी रचना आली (तिची पहिली मोठी चाचणी भाषांतराचीच होती, इंग्रजी-जर्मन आणि इंग्रजी-फ्रेंच), तेव्हापासून चूकही इस्त्री करून येते. मराठी मसुदा आधी वाचलात की तो पटतो, आणि मग मूळ वाक्यातही तेच दिसायला लागतं.

म्हणून आधी मूळ मजकूर वाचायचा, मसुदा झाकून. मग अर्थाकडे न बघता फक्त आकडे, एककं आणि तारखा जुळवायच्या. टेन मिलियन म्हणजे 1 कोटी. तिथे 10 लाख पडलेलं असू शकतं. तिसऱ्या फेरीत मूळातलं प्रत्येक 'नॉट', 'अनलेस', 'एक्सेप्ट' शोधून त्याच्यासमोर मराठीत काय आहे ते बघायचं. परिच्छेदागणिक वाक्यं मोजायची, कारण लांब परिच्छेदातलं एखादं वाक्य मशीन गाळते आणि सांधा दिसत नाही. 'कन्सेंट'ला पहिल्या पानावर संमती, चौथ्यावर मान्यता, नवव्यावर परवानगी होते. म्हणून ठरलेल्या संज्ञांची यादी मशीनला प्रत्येक तुकड्यासोबत पुन्हा द्या, एकदा देऊन भागत नाही. 'डॉक्टर म्हणाला' की 'म्हणाली' हे इंग्रजी सांगत नाही, मशीन परस्पर ठरवून टाकते. शेवटची फेरी मूळ बाजूला ठेवून, फक्त मराठी, मोठ्याने.

त्याच मशीनला 'तपास' म्हटलं तर ती बऱ्याचदा स्वतःचीच पाठ थोपटते. उलट भाषांतर करून बघण्यातही फसगत आहे: मराठीतलं अवघडलेलं वाक्य इंग्रजीत परत जाताना सरळ होऊन जातं आणि सगळं ठीक वाटतं.

आता दराचं. मशीनचा मसुदा सुधारण्यासाठी आयएसओ 18587 हे आंतरराष्ट्रीय मानक 2017 पासून आहे. त्यात पूर्ण संपादनाचं फलित माणसाने केलेल्या भाषांतराच्या तोडीचं असावं अशी अपेक्षा आहे आणि संपादकाकडे भाषांतरकाराचीच कौशल्यं मागितली आहेत. मग दर निम्मा कशाच्या जोरावर? 'तयारच तर आहे, फक्त बघायचंय' म्हणणाऱ्याला सांगा, शब्दावर नाही, तासावर घेईन. आधी नमुन्याची 2 पानं करून वेळ मोजा, मग आकडा बोला. मसुदा इतका वाईट असेल की निम्मी वाक्यं नव्याने लिहावी लागतात, तर तो फेकून कोऱ्या पानावरून केलेलं लवकर होतं.

हो, हेही खरं की ठरावीक साच्याचा मजकूर, उत्पादनांची वर्णनं, सूचनापत्रकांच्या सुधारित आवृत्त्या यांत मशीन खरोखर वेळ वाचवते, आणि त्यावरच पोट असलेल्यांचं काम आटलंय. शिकायचंच असेल तर कायदा, वैद्यक, करार असं एखादं क्षेत्र आधी पक्कं करा. आणि गोपनीय कागद फुकटच्या चॅट-खिडकीत चिकटवू नका. ग्राहकाची लेखी परवानगी घ्या, तीही काम सुरू करण्याआधी.