चागासची अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे हृदय खराब झालं का?

नाही. चागास हा ट्रिपॅनोसोमा क्रूझी या परजीवीमुळे होणारा आजार; त्याच्याविरुद्धचं आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडीचा एक प्रकार) फक्त संसर्ग झाल्याचं सांगतं. तेही दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या टेस्ट जुळल्या तरच; एकच एलायझा (अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह असेल तर लीशमानिया या दुसऱ्या परजीवीच्या अँटिबॉडीही फसवू शकतात. टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) जास्त म्हणून हृदयाला इजा जास्त, असंही नाही.

हृदयाशी संबंध जोडला जातो तो ऑटोअँटिबॉडींचा, म्हणजे आपल्याच शरीराच्या प्रथिनांना चिकटणाऱ्या अँटिबॉडींचा. परजीवीच्या रायबोसोममधल्या (पेशीत प्रथिनं बनवणारा भाग) पी२-बीटा प्रथिनाचं शेपूट आम्लधर्मी अमिनो आम्लांनी भरलेलं असतं, आणि हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या आपल्या बीटा-१ रिसेप्टरच्या बाहेरच्या दुसऱ्या वळणावरही तसाच तुकडा आहे. त्यामुळे एकाविरुद्धची अँटिबॉडी दुसऱ्याला चिकटते आणि रिसेप्टर नुसता अडवत नाही, चालूही करते. एम२ या हृदयावरच्या दुसऱ्या रिसेप्टरवरच्या अँटिबॉडी उलट ठोके मंदावतात. सायनस नोडच्या (हृदयाचे ठोके सुरू करणारा भाग) बिघाडाशी त्यांचं नातं दिसलं आहे. पण लक्षणं नसलेल्यांतही त्या सापडतात, म्हणून रोजच्या निदानात त्यांना स्थान नाही.

हृदयाला इजा झाली का, याचा खरा निकाल ईसीजीत दिसतो: राइट बंडल ब्रांच ब्लॉक, सोबत लेफ्ट अँटिरिअर फॅसिक्युलर ब्लॉक (दोन्ही हृदयातल्या विद्युत संदेशाच्या वाटेतले अडथळे). मग इको (हृदयाची सोनोग्राफी), त्यात डाव्या जवनिकेचं (हृदयाचा खालचा कप्पा) टोक नीट बघायला सांगा, तिथला फुगवटा सहज निसटतो. ईसीजी नॉर्मल असला तरी दरवर्षी काढायचा. बेन्झनिडाझोल या परजीवीवरच्या औषधानंतर आयजीजी निगेटिव्ह व्हायला प्रौढांत अनेक वर्षं जातात, त्यामुळे तेवढ्यावरून औषध फसलं असं ठरवू नका.