बाळ झोपतं, मी टक्क जागी

«ताई, बाळ सात आठवड्यांचं आहे. मी माहेरीच आहे. बाळ झोपलं तरी मला झोप नाही, सारखं रडू येतं. गॅलरीत गेले की ते हातातून सुटेल असं दिसतं आणि घाम फुटतो. आई म्हणते, सगळ्याच बाळंतिणींना होतं. मी वाईट आई आहे का?»

नाही गं. आईचं म्हणणं मात्र अर्धंच खरं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू पुष्कळजणींना येतं, पण ते दोन आठवड्यांत ओसरतं. तुझे सात झाले.

मला रडण्यापेक्षा झोपेची काळजी वाटते. बाळ उठवतं म्हणून झोप मोडणं वेगळं, आणि ते गाढ झोपलेलं असताना डोळा न लागणं वेगळं. डॉक्टरांना हे असंच सांग.

गॅलरीसारखे नकोसे विचार अनेक आयांना येतात. तुला घाम फुटतो, कारण तसं व्हायला तुला नकोच आहे. तेही लपवू नकोस. पण कुणी हुकूम देतंय असं ऐकू आलं, बाळाबद्दल भलतंसलतं खरं वाटू लागलं किंवा जीव द्यावासा वाटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तोवर तुला आणि बाळाला एकटं ठेवायचं नाही.

याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिनबर्ग प्रश्नावली माग. गेल्या सात दिवसांबद्दल 10 प्रश्न, एकूण गुण 30. साधारण 13 किंवा जास्त आले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याचा. तिथे ‘कधीच नाही’ सोडून काहीही लिहिलंस, तर बेरीज कितीही असो, डॉक्टरांनी तिथेच त्यावर बोलायला हवं. हिमोग्लोबिन आणि टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणीही करून घे. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तरी असंच होऊ शकतं. नैराश्यावरची गोळी लागली, तरी अंगावरचं दूध तोडावं लागेल असं नाही. त्यातलं सर्ट्रालिन हे औषध दुधात फार थोडं उतरतं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही.

रात्री दहाला पाजलंस की अडीचपर्यंत बाळ आईकडे, तू दुसऱ्या खोलीत. मधल्या वेळेसाठी काढलेलं दूध फ्रिजमध्ये ठेव. डिंकाचे लाडू खुशाल खा, पण त्यांनी झोप भरून निघत नाही.

रात्रीअपरात्री फार घालमेल झाली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लाव. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आणि प्रश्नावली भरताना आई शेजारी बसून «असं नको लिहूस» म्हणणार असेल, तर तिला बाळ घेऊन बाहेर बसव.