टेक्साससारखा वीजबाजार खुला केला तर ठाण्यात वीज स्वस्त होईल का?

तुम्ही विचारलंय की टेक्सासमध्ये ग्राहक वीज कंपनी स्वतः निवडतो, पवनचक्क्या आणि सोलरही तिथे भरपूर, मग घोडबंदर रोडला आम्हाला एकाच कंपनीच्या दावणीला का बांधलंय? बाजार खुला केला तर बिल उतरेल का?

नाही उतरणार. निदान तुम्ही समजताय तसं तरी नाही. एवढं ठासून सांगतोय कारण हा खेळ मी रबाळे एमआयडीसीत पॅनलसमोर उभं राहून पाहिलाय. ३१ वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलं, आणि "वायरमनच्या डोक्याने विचार करू नका" हे भर मीटिंगमध्ये ऐकून घेतलंय.

२०२० चा लॉकडाऊन. वीज एक्स्चेंजवर, म्हणजे जिथे बोली लावून विजेची घाऊक खरेदी-विक्री होते तिथे, युनिटचा भाव ३ रुपयांच्या खाली आला होता. आमचे परचेस मॅनेजर स्लाइड घेऊन आले. डावीकडे आपलं बिल, उजवीकडे एक्स्चेंजचा भाव, मधे हा एवढा लाल बाण. मी एकच विचारलं, "साहेब, हा भाव तिथला. आपल्या मीटरपर्यंत किती पडते?" पारेषण आकार (मोठ्या वाहिन्यांचं भाडं), वहन आकार (गावातल्या तारांचं भाडं), वाटेतली गळती, क्रॉस सबसिडी अधिभार (इतरांच्या स्वस्त विजेसाठी भरायचा), त्यावर अतिरिक्त अधिभार (बाहेरून वीज घेतली म्हणून जुन्या कंपनीला द्यायचा), यातलं काहीच स्लाइडवर नव्हतं. तेव्हा ते वायरमनचं वाक्य आलं.

एक्स्चेंजची वीज घेतलीच, आणि खोटं का बोला, पहिलं वर्ष फायदा झाला. सगळं धरून युनिटमागे सव्वा रुपया सुटत होता. दसऱ्याला साहेबांना शाल-श्रीफळ मिळालं, मीही पेढा खाल्ला. मग त्यांना हुरूप आला. आता कंत्राटी मागणी, म्हणजे नेहमीच्या कंपनीकडे राखून ठेवलेला जास्तीत जास्त भार, १८०० केव्हीएवरून (केव्हीए हे भाराचं माप) ११०० वर आणू, त्या भारावरचे डिमांड चार्जेसही वाचतील. मी लेखी दिलं की हे करू नका. कागद फाइलला लागला आणि मागणी ११०० झाली.

मार्च २०२२ ला ऊन लवकर तापलं, कोळशाची ओढाताण होती, एक्स्चेंजचा भाव २० रुपयांवर गेला. आमच्या बोलीला वीजच मिळेना. सगळा भार परत नेहमीच्या कनेक्शनवर, आणि तिथे मर्यादा आम्हीच कापून घेतलेली. मागणी ओलांडली की जादा केव्हीएला दीडपट दर. संध्याकाळी सहापासून मी वही घेऊन मीटरसमोर. मोठा कॉम्प्रेसर घ्यायचा तर एक भट्टी थांबवायची, भट्टी घ्यायची तर चिलर बंद. १०६०, १०८५, १०९२. एकदा मी चहाला गेलो आणि दुसऱ्या पाळीतल्या नव्या पोराने न विचारता चिलर लावला. एमडी, म्हणजे महिन्यातली सगळ्यात मोठी मागणी, गेला ११६० वर. त्या एका नोंदीपायी महिनाभराचा दंड बसला, आणि मेमो कोणाला मिळाला? मला. एमडी सांभाळणं मेंटेनन्सचं काम आहे म्हणे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. खुल्या बाजारात त्या वेळेला लागणाऱ्या सगळ्यात महागड्या केंद्राचा भाव सगळ्यांना मिळतो. दुपारी सोलर ओसंडतं तेव्हा भाव पडतो, सूर्य गेला की चढतो. एक्स्चेंजवर भाव फार चढू नये म्हणून केंद्रीय वीज नियामक आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये १२ रुपयांची आणि पुढच्या वर्षी १० रुपयांची मर्यादा घातली. ठाण्यात घरगुती दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. तिथे सगळ्या करारांची सरासरी निघते. गुजरातने सुरुवातीचे सोलर करार पहिल्या १२ वर्षांसाठी युनिटला १५ रुपयांनी केले होते, २०२० च्या लिलावात तिथेच १.९९ ची बोली आली. पण करार २५ वर्षांचे, त्यामुळे जुन्या महागाचं ओझं नव्या स्वस्तासोबत वाहावं लागतं. स्वस्त सोलर तुमच्या बिलात हळूच येतं ते यामुळे. पण २० रुपयांचा भावही थेट घरात शिरत नाही, हे कोणी सांगत नाही. वर बिलातला स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क कंपनी बदलल्याने कुठे पळून जाणार?

टेक्सासचंही अर्धंच ऐकलंत. बाजार २००२ पासून खुला आहे, पण ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओला आजही पालिकेच्या वीज कंपन्या आहेत, तिथे निवड नाही. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत घाऊक भाव युनिटला ९ डॉलरवर गेला आणि दिवसच्या दिवस तिथेच राहिला. ज्यांनी घाऊक भावाचा प्लॅन घेतला होता त्यांना हजारो डॉलरची बिलं आली. (पवनचक्क्या गोठल्या म्हणून बोंब झाली. त्याही गोठल्या, पण जास्त दगा दिला तो गॅसने.)

बांधलेला दरही काही देवमाणूस नाही. कोकणातला दाभोळ वीज प्रकल्प आठवा. एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी करार असा की वीज घ्या न घ्या, पैसे द्या, तेही डॉलरच्या हिशेबात. राज्य वीज मंडळाने २००१ मध्ये हात झटकले. त्याच सुमारास हीच एन्रॉन कॅलिफोर्नियाच्या खुल्या बाजारात भाव चढवत होती.

तर खरी भानगड करारात काय लिहिलंय याची आहे. नवी मुंबई-ठाण्यासाठी समांतर परवान्याचा, म्हणजे त्याच भागात दुसऱ्या कंपनीलाही वीज विकू देण्याचा, अर्ज २०२२ मध्ये झाला, त्यावर जानेवारी २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला. मी युनियनचा माणूस, माझा कल कुठे ते उघड आहे. तरी दुसरी कंपनी आली तर फोन लवकर उचलला जाईल, हे मान्य करतो. दराचं मात्र नाही.

तुमची टॉवरची सोसायटी असेल तर लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांपुरतं गच्चीवर सोलर लावा. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. गच्ची लहान असेल तर सगळं भागणार नाही, ते आधी मोजा. आणि कमिटीत कोणी लाल बाणाची स्लाइड घेऊन आला, तर मीटरपर्यंत किती पडते हे मिनिट्समध्ये लिहून त्याची सही घ्या. माझ्या कागदावर फक्त माझीच सही होती.